चिखलदऱ्याचा घाट, एका दिवसात तीन वेळा

मार्चमधल्या एका रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात मी सायकलवरून उतरले आणि कठड्यावर बसले, ती अर्धा तास उठलेच नाही. दम लागला होता असं नाही. हात थरथरत होते, कपाळावर गार घाम आला होता आणि समोरची पानगळ झालेली सागाची झाडं मधूनच दुहेरी दिसत होती. दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल घेऊन एक गवळीदादा खाली चालले होते, ते थांबले. "बाई, शुगर हाये का तुमाले?" मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून हातावर ठेवला. मी सहा बिस्किटं पाण्यासोबत खाल्ली. पंधरा मिनिटांत झाडं एकेरी झाली.

सकाळी घरून निघताना मी फक्त चहा घेतला होता. आदल्या रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली अर्धी भाकर आणि पातळ वरण खाल्लं होतं. त्यात काही वावगं आहे, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. वीस वर्षं मी अशीच जेवत आले होते.

मी अचलपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. घरापासून 9 किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय 41. घरची संत्र्याची बाग आहे, थोडी तूर, थोडा कापूस. मुलगी शिकायला अमरावतीला गेली आणि तिची गिअरची सायकल ओसरीत पडून राहिली. मी ती शाळेत जायला वापरू लागले. वर्षभरात पायांना सवय झाली आणि रोज उत्तरेला दिसणारा सातपुड्याचा निळा पट्टा खुणावायला लागला. गाविलगडाच्या या डोंगररांगेवर चिखलदरा वसलेलं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटरवर. आमची बाग आहे 370 मीटरच्या आसपास. चढ सुरू होतो तिथून वरपर्यंत सुमारे 20 किलोमीटर रस्ता. मधे मधे श्वास घ्यायला सपाटी मिळते आणि मग वळणावर एकदम असा चढ येतो की सायकलचं पुढचं चाक उचलल्यासारखं वाटतं.

एकदा चढायचं ठरवून गेले आणि अर्ध्यातून परत आले. त्या रात्री मी वहीत लिहिलं: डिसेंबरमध्ये हा घाट एका दिवसात तीन वेळा. तीनच का, असं मुलीने फोनवर विचारलं. तीन वेळा केला की चढाईची बेरीज दोन हजार मीटरच्या घरात जाते. डोंगरी भागातल्या मोठ्या सायकल स्पर्धांमध्ये लोक एका दिवसात एवढं चढतात, हे मी वाचलं होतं. माझ्या आवाक्यात एवढा लांब चढ दुसरा नाही, म्हणून तोच परत परत. कुणाशी शर्यत नव्हती. मला फक्त उजेडात सुरू करून उजेडात संपवायचं होतं, कारण मेळघाटाच्या या जंगलात अंधारात सायकलवर असणं शहाणपणाचं नाही.

एप्रिल आणि मे असेच गेले. इकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पहाटे पाचला निघून साडेसातला घरात असेल तरच सायकल. पण जोर वाढेना. पहिल्या वळणालाच छाती धडधडायची, जिना चढताना कानात ठोके ऐकू यायचे. मला वाटायचं, वय झालं. जूनमध्ये गावच्या आरोग्य केंद्रात महिलांची तपासणी होती. तिथे बोटाला सुई टोचली आणि कागदावर आकडा आला: हिमोग्लोबिन 9.6. बायकांमध्ये ते 12 च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी जे विचारलं ते मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. पाळीत किती दिवस जातं? चहा दिवसातून किती वेळा? घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? शेवटच्या प्रश्नाला मी हसले, त्या हसल्या नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी असेल तर पाय कितीही घट्ट केले तरी त्यांना हवा पोचत नाही, हे त्यांनी मला इतकं सरळ समजावलं की मी दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात तेच शिकवलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली. गोळी चहासोबत नाही, दुधासोबत नाही. लिंबाच्या पाण्यासोबत घ्यायची. चहा आणि गोळीत निदान तासा-दोन तासांचं अंतर. पहिले पंधरा दिवस पोट जड राहिलं, संडासला काळं व्हायला लागलं. ते तसंच होतं म्हणून त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी घाबरून गोळ्या सोडल्या असत्या.

माझी तयारी खरी इथून सुरू झाली, आणि ती स्वयंपाकघरात झाली.

मी सासूबाईंना 9.6 म्हणजे काय ते सांगितलं. त्या बहात्तर वर्षांच्या आहेत, आयुष्य वावरात गेलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बैलाले ढेप चारल्याशिवाय वखराले जुपत नाही आपण, अन् तू उपाशी घाटात जातं? काहून वं माय?" दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेपाचला चुलीवर त्यांचा तवा असायचा. मी नको म्हणत राहिले, कारण सासूने सुनेला करून वाढायचं आणि सुनेने आधी खायचं, हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तो घास मला गिळवेना. मन चोरटं व्हायचं. त्यांनी मात्र ताटापासून उठू दिलं नाही. पुढे ज्वारीची भाकर, घट्ट वरण, अळीव घातलेला गुळाचा लाडू, कधी पालक, कधी अंबाडी असं ठरूनच गेलं. रात्रीचं जेवणही मी मुलांच्या वह्या तपासायला बसायच्या आधी, सगळ्यांबरोबर घ्यायला लागले.

श्रावणात पेच आला. मी सोमवार धरते, आणि रविवार हा घाटाचा दिवस. रविवारी शरीर पिळून काढायचं आणि सोमवारी उपाशी राहायचं, हे दोन आठवडे केलं आणि बुधवारपर्यंत अंगात त्राण उरलं नाही. थकलेल्या पायांची झीज भरून येते ती चढून आल्यावरच्या खाण्यातून आणि झोपेतून. मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी देवघराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, यंदाचे सोमवार मी धरते तुझ्या वाटचे. यावर मी काय बोलणार? नवरात्राचे नऊ दिवसही त्यांनी मला धरू दिले नाहीत.

आता सायकलीचं. पुढे तीन चकत्या, मागे सात, म्हणजे एकवीस गिअर. ऐकायला खूप वाटतात, पण चढावर उपयोगाचा फक्त शेवटचा. पुढची सगळ्यात लहान चकती 28 दातांची आणि मागची सगळ्यात मोठीही 28 ची. म्हणजे पॅडलचा एक फेरा मारला की चाकाचा एक फेरा, सायकल सव्वादोन मीटरला थोडी कमी पुढे जाते. सपाटीला हे फारच हलकं वाटतं. घाटातल्या खऱ्या चढावर मात्र मिनिटाला चाळीस फेरेही पडेनात, प्रत्येक फेऱ्याला पूर्ण अंग टाकावं लागे आणि गुडघ्याच्या वाटीखाली ठणका उठे. उपाय स्वस्त होता. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा, बदलून सगळ्यात मोठी चकती 34 दातांची असलेलं बसवायचं. मग एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच्या आसपासच जाते, पण पायावरचा भार साधारण सहाव्या हिश्श्याने उतरतो. आणखी महाग सायकल घ्यावी का, असं मला तीन-चार जणांनी सुचवलं होतं. नवशिक्याला चढासाठी आधी मोठी मागची चकती लागते, बाकी सगळं नंतर. हे मी आता खात्रीने सांगू शकते.

ते फ्रीव्हील एका दुकानात बसवून घेतलं. बसवणाऱ्याने चेन तीच ठेवली. मोठ्या चकतीला चेनही लांब लागते, हे मलाही ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी शाळेच्या वाटेवर चुकून पुढचीही मोठी आणि मागचीही मोठी चकती पडली. कट् असा आवाज झाला, चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर सरकवणारा मागचा डिरेलर चेनने ओढून सरळ केला आणि तो जिथे बसतो तो कान वाकला. सायकल ढकलत पाच किलोमीटर गेले. दुरुस्तीला गेलेल्या पैशांपेक्षा वाया गेलेल्या दोन रविवारांचं मला जास्त वाईट वाटलं. कुणी फ्रीव्हील बदलणार असेल तर दुकानातून निघण्याआधी सायकल उभी करून दोन्ही मोठ्या चकत्यांवर चेन हळूच चढवून बघा. ती ताणून तारेसारखी झाली तर दोन-चार कड्या वाढवून घ्या.

गुडघ्याचं दुखणं मात्र फ्रीव्हीलनेही पूर्ण गेलं नाही. सीट खाली होती. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, या भीतीने मी ती कायम खाली ठेवत आले होते. भिंतीला टेकून सीटवर बसायचं, टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल पूर्ण खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा हवा तेवढाच वाकतो. माझी सीट तीन बोटं वर गेली. आठवडाभर उतरताना तोल जायचा, पण दहा दिवसांत ठणका गेला.

सरावाचं वेळापत्रक शाळेने ठरवून दिलं होतं. जाऊन-येऊन रोज 18 किलोमीटर, त्यातले चार दिवस सावकाश. दोन दिवस घरी येताना वाट वाकडी करून वझ्झरच्या सापन धरणाकडे जायचं, तिथल्या छोट्या चढावर पाच-सहा वेळा वरखाली. रविवारी घाट. दर चौथा रविवार रिकामा, त्या दिवशी बागेत हिंडायचं आणि झोपायचं. जुलैत अर्धा घाट, ऑगस्टमध्ये पूर्ण, दिवाळीच्या सुट्टीत दोनदा. माझ्यासोबत शेजारचा एकोणीस वर्षांचा पोरगा यायचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. तो पुढे जाऊन वळणावर थांबायचा, पुशअप्स मारायचा, मी आले की परत पुढे. एकटीने त्या रस्त्याला जाऊ नये, हे मी स्वतःलाच घातलेलं बंधन होतं. तो नसेल तर मीही नाही.

वेग किती ठेवायचा, हे कळायला घड्याळ लागत नाही. मी सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचे. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. एका श्वासात दोन ओळी सलग निघाल्या तर वेग बरोबर. एकेक शब्द तुटायला लागला की मी आपल्या ताकदीबाहेर जातेय. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये ताज्या पायांना फार उत्साह असतो, तो आवरणं मला सगळ्यात जड गेलं. पोरगा दिसेनासा व्हायचा आणि मन म्हणायचं, जा की. दोनदा गेलेही. दोन्ही वेळा वरच्या टप्प्यात पाय दगड झाले. नंतर मात्र पाढा तुटला की मी गिअर हलका करायचे, मग मागून कुणीही येऊन पुढे जाऊ दे.

खाण्याची तालीमही घाटातच केली. माझं वजन 58 किलो, सायकल 15, पाणी आणि खाऊ 3. एवढं ओझं साडेसहाशे-सातशे मीटर वर न्यायला शरीराला साधारण 600 कॅलरी खर्च पडतात. एका केळ्यात शंभरेक. पोट एका तासात जेवढं पचवतं त्याला मर्यादा आहे, म्हणून भूक लागायच्या आधीपासून दर अर्ध्या तासाला थोडं थोडं खायचं. चिवडा कोरड्या तोंडात फिरत राहिला. चिक्की दाताला चिकटली आणि दम लागलेल्या तोंडाने चावता येईना. शेवटी दोन गोष्टी जमल्या. मीठ लावलेले उकडलेले लहान बटाटे, आणि पोळीला तूप-गूळ लावून केलेली घट्ट गुंडाळी, कापून तिचे दोन-दोन घासांचे तुकडे. बाटलीत लिंबू, साखर, मीठ. ऑक्टोबरच्या उन्हात कुर्त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे, त्यावरून मीठ किती वाढवायचं ते कळलं.

पावसाळ्यात घाट फार देखणा असतो आणि तेवढाच घातकी. धुकं असं की दहा हातांवरची गाडी आवाजावरूनच कळते. मी उतरताना पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून दाबत असे, म्हणजे एकच रिम तापत नाही. तरी ऑगस्टमधल्या एका उतारावर मागच्या चाकातून खरखर ऐकू आली. थांबून पाहिलं तर ब्रेकचं रबर संपून आतली पत्री रिमवर घासत होती, चांदीसारखी ओली रेघ पडली होती. ओल्या रिमला लागलेली बारीक रेती कानशीसारखी रबर खाते. उरलेला उतार चालत उतरले. तेव्हापासून दर शनिवारी रात्री रबर नखाने चाचपून बघते आणि त्यातले रेतीचे कण टाचणीने काढते.

सप्टेंबरमध्ये परत बोट टोचलं. 11.3. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा घाट न थांबता चढले. कान वाजले नाहीत. पायांना हवा पोचत होती, दुसरं काही नाही.

डिसेंबरमधला रविवार ठरला तेव्हा आमच्या बागेत आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू होती. व्यापारी, मजूर, कॅरेट, गाड्या. नवऱ्याला एका दिवसाचीही उसंत नव्हती. मी म्हटलं, पुढे ढकलते. ते म्हणाले, "तोड दुपारी आटोपतो अन् पिकअप घेऊन वर येतो. तिसऱ्यांदा खाली उतरू नको, अंधार होईल." जाताना त्यांनी कॅरेटमधली निवडक बारा संत्री बाजूला काढून दिली. इतकी वर्षं आमच्याकडे चांगलं फळ व्यापाऱ्याला आणि डागी फळ घरात, असाच रिवाज होता.

पावणेसातला, फटफटल्यावर सुरुवात केली. पहिली चढाई दोन तास दहा मिनिटं. थंडी होती, पाढा कुठेच तुटला नाही. मोथा गाव आलं की गवळ्यांचे गोठे, खव्याच्या कढईचा धूर आणि स्ट्रॉबेरीचे वाफे दिसतात, तिथून वर पोचलंच म्हणायचं. वर दहा मिनिटं थांबून जाकीट घातलं. घामेजल्या अंगाने उतरताना वारा छातीत बसतो.

दुसऱ्या चढाईला ऊन आलं, पर्यटकांच्या गाड्या आल्या. दोन तास पंचवीस मिनिटं. याच डोंगरावरचा गाविलगड 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. त्यांच्या जड तोफा या डोंगरांमधून माणसांनी हातांनी ओढत नेल्या होत्या, आणि त्यासाठी रस्ताही आधी त्यांनीच खोदला होता. हे मी दरवर्षी शिकवते. त्या दिवशी एका वळणावर उभ्या चढात मला त्या ओढणाऱ्यांचे हात आठवले. कुठून आले असतील ते, पोटाला काय मिळालं असेल, एकाचंही नाव कुठल्या धड्यात नाही. त्या वळणापासून पुढे बराच वेळ मी पाढा म्हणायचं विसरले.

तिसरी चढाई दोन तास पंचावन्न मिनिटं. सुरुवातीलाच मांड्यांत गोळे यायला लागले. मीठ लावलेले दोन बटाटे खाल्ले, पाणी प्यायले, सगळ्यात हलक्या गिअरवर ताशी सहा-सातच्या वेगाने चढत राहिले. पोरगा आता पुढे जात नव्हता, माझ्या मागे दहा हातांवर होता. मार्चमध्ये बसले होते तो कठडा आला. तिथे थांबून एक संत्रं सोललं. अर्धं त्याला दिलं. साल पिशवीत टाकली, कारण माकडं रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात.

"मॅडम, ऊन उतरून राह्यलं," तो म्हणाला.

पाच वाजून पाच मिनिटांनी वर पोचले. पिकअप उभी होती. मागे रिकामे कॅरेट आणि त्यांच्यामधे, गोधडी पांघरून, सासूबाई. त्या चिखलदऱ्याला चाळीस वर्षांनी येत होत्या. त्यांनी डबा उघडून माझ्या हातात दिला आणि मी उभ्यानेच खायला सुरुवात केली. सायकल वर चढवायलाही कुणी मला हात लावू दिला नाही.

जानेवारीत हिमोग्लोबिन 12.1 आलं. शाळेशेजारच्या अंगणवाडीच्या सेविका ताई महिनाभर मागे लागल्या होत्या, मलाही एकदा घाटात न्या म्हणून. त्यांच्याकडे भावाची जुनी सायकल आहे. मी त्यांना आधी आरोग्य केंद्रात नेलं. त्यांचं 10.2 निघालं. फ्रीव्हील कोणतं घ्यायचं ते नंतर बघू. सध्या त्यांच्या गोळ्या सुरू आहेत, आणि येत्या रविवारी आम्ही फक्त सापन धरणापर्यंत जाणार आहोत. डबा सासूबाई देणार आहेत, दोघींचा.